शेतीवाल्या गावाचा जुना टोपो नकाशा हातात आलाय? मग असा वाचा

जुना टोपोग्राफिक नकाशा (जमिनीचे चढउतार, पाणी, वाटा, वस्ती दाखवणारा) उघडला की सगळ्यांचं बोट आधी घरांवर जातं. वस्ती कुठेय, रस्ता कुठून येतो, गावाचं नाव असं का लिहिलंय वगैरे. साहजिक आहे, पण शेतीवर जगणाऱ्या गावाचा नकाशा असा वाचायला घेतला की थोडा वेळ मजा येते आणि मग पुढे काय बघायचं तेच कळत नाही. कारण अशा गावात आधी पाणी असतं, पाण्यावरून कुठली जमीन कसता येईल ते ठरतं, उतार बघून वाटा पडतात आणि घरं बहुतेक वेळा या सगळ्याला सांभाळून बसलेली असतात. म्हणून वाचायचं पण त्याच क्रमाने, घरं शेवटी.

खालच्या पायऱ्या कुठल्याही देशाच्या शीटला (म्हणजे नकाशाच्या एका पानाला) चालतात. उदाहरणं मुख्यतः तीन संस्थांची घेतलीयेत कारण नवीन माणसाच्या हाती बहुतेक त्यांचेच नकाशे लागतात: भारतातली सर्व्हे ऑफ इंडिया (स्थापना १७६७), ब्रिटनची ऑर्डनन्स सर्व्हे (१७९१) आणि अमेरिकेची यूएसजीएस, म्हणजे युनायटेड स्टेट्स जिऑलॉजिकल सर्व्हे (१८७९).

पायरी १: शीट शोधा, आणि एकावर थांबू नका

अमेरिकेतली जागा असेल तर काम सगळ्यात सोपं. यूएसजीएसच्या टोपोव्ह्यू साइटवर १८८४ ते २००६ या काळातले जुने टोपो नकाशे फुकट डाउनलोड होतात, जिओटिफमध्ये (म्हणजे जागेची माहिती आत असलेल्या चित्राच्या फाइलमध्ये) पण मिळतात. ब्रिटनसाठी स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीची नकाशांची साइट बघा, तिथे जुना नकाशा आणि आजचा सॅटेलाइट फोटो शेजारी शेजारी ठेवून बघता येतो, आणि नवीन माणसाने पहिला सराव तिथेच करावा असं माझं मत आहे. भारताच्या बाबतीत सध्याच्या १:५०,००० च्या (कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर) ओपन सिरीज, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या, शीट्स सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर पीडीएफमध्ये मिळतात. जुन्यासाठी लायब्ररी आणि विद्यापीठांचे संग्रह धुंडाळावे लागतात, उदाहरणार्थ टेक्सास विद्यापीठाच्या नकाशा संग्रहात अमेरिकन लष्कराच्या आर्मी मॅप सर्व्हिसने छापलेली भारत-पाकिस्तानची १:२,५०,००० ची मालिका ऑनलाइन आहे.

भारतीय शीटचा नंबर बघून बरेच जण गोंधळतात, पण तो एकदा कळला की आयुष्यभराचं काम होतं. ४७ एफ/१४ असा नंबर घ्या. ४७ म्हणजे ४ अंश बाय ४ अंशाचा मोठा चौकोन. त्याचे १ अंशाचे १६ तुकडे, त्यांना ए ते पी अक्षरं, वरून खाली मोजत जायचं, एक उभी ओळ संपली की उजवीकडची पुढची. मग त्या एफचे परत १६ तुकडे, प्रत्येक १५ मिनिटांचा, त्यातला चौदावा. बस. गावाचे अक्षांश-रेखांश माहीत असले की शीटचा नंबर तुम्ही कागदावर स्वतः काढू शकता.

स्कॅन निवडताना एकच कसोटी लावा. झूम केल्यावर शेजारच्या दोन तपकिरी कंटूर रेषा (समान उंची दाखवणाऱ्या) वेगळ्या दिसतात का? दिसत नसतील तर ती फाइल सोडा, नाव कितीही ठळक दिसत असलं तरी. दाबून लहान केलेल्या जेपेगमध्ये सगळ्यात आधी या बारीक रेषाच मरतात. आणि एकाच भागाच्या जितक्या आवृत्त्या मिळतील तितक्या घ्या, मळकी, घडीवर फाटलेली असली तरी घ्या, कारण खरी गोष्ट दोन आवृत्त्यांच्या मधे असते.

पायरी २: आधी कडा वाचा, आत जाऊ नका

ही पायरी लोक सोडतात आणि मग सगळे निष्कर्ष चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नकाशाच्या कडेला, म्हणजे मार्जिनमध्ये, बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त वर्षं छापलेली असतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. जमिनीवर जाऊन सर्व्हे केला ते वर्ष, आवृत्ती निघाली ते वर्ष, परत छापली ते वर्ष, आणि काही दुरुस्त्या केल्या असतील तर त्यांचं वर्ष. समजा खाली लिहिलंय सर्व्हे १९०६, आवृत्ती १९०८, पुनर्मुद्रण १९३२. तर तुमच्या हातात १९०६ चं गाव आहे. कागद १९३२ चा आहे, गाव नाही. आणि ऑनलाइन कॅटलॉगमध्ये कधी कधी यातलं कुठलंतरी एकच वर्ष दिलेलं असतं, त्यामुळे कॅटलॉगवर विसंबू नका, स्वतः मार्जिन वाचा आणि पहिल्याच पानावर ती सगळी वर्षं वहीत उतरवा.

याच्यातला अजून एक प्रकार म्हणजे अर्धवट दुरुस्ती. यूएसजीएसच्या बऱ्याच शीट्सवर जांभळ्या रंगात रस्ते, घरं, तळी दिसतात. त्या गोष्टी मूळ नकाशानंतर विमानातून घेतलेल्या फोटोंवरून टाकलेल्या असतात, बहुतेक वेळा जमिनीवर जाऊन तपासल्याशिवाय. म्हणजे एकाच शीटवर दोन काळ एकमेकांवर छापलेले असतात, काळं-निळं-तपकिरी जुनं आणि जांभळं नवं. शेतीच्या भागात हे सोनं आहे, कारण तो जांभळा रंग बघून कुठे शेततळी झाली, कुठे रस्ता सरळ केला ते एका नजरेत कळतं.

मार्जिनमधून अजून चार गोष्टी वहीत घ्या: स्केल, कंटूरमधलं अंतर (आणि ते फुटात आहे की मीटरमध्ये), डेटमचं (अक्षांश-रेखांश मोजायला धरलेल्या पायाचं) नाव, आणि कुठल्या पद्धतीने सर्व्हे झाला. विमानातले फोटो वापरात येण्याआधीचे बरेचसे नकाशे प्लेन टेबलवर झालेत, म्हणजे माणूस तिपाईवर फळी लावून, कागद ठेवून, समोरचा प्रदेश बघत बघत तिथेच काढायचा. काही बिंदूंची उंची मोजलेली असायची आणि मधल्या कंटूर रेषा तो नजरेने वळवायचा. त्यात चांगल्या सर्व्हेयरची नजर इतकी तयार असायची की डोंगराचा स्वभाव हुबेहूब उतरलेला दिसतो, तरी प्रत्येक वळण मोजलेलं आहे असं समजू नका.

चुंबकीय उत्तरेची आकृती पण मार्जिनमध्ये असते, ती मात्र आज होकायंत्र लावायला वापरायची नाही, चुंबकीय उत्तर दरवर्षी थोडी सरकते.

पायरी ३: स्केलवरून अपेक्षा ठरवा

नवीन लोकांचा सगळ्यात मोठा अपेक्षाभंग इथे होतो. शेताचे बांध दिसत नाहीत, म्हणजे नकाशा चुकीचा, असं ते म्हणतात. हिशोब करून बघा. एक एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर, चौकोनी धरलं तर एक बाजू साधारण ६४ मीटर. जुन्या एक इंच एक मैल नकाशावर (१:६३,३६०) ही बाजू होते फक्त १ मिलीमीटर. एक एकराचं अख्खं शेत म्हणजे पेनाचा एक ठिपका! त्यात बांध कुठून दाखवणार. अशा शीटवर शेती फक्त रंगाच्या छटेने कळते, एकेक शेत म्हणून नाही.

तेच शेत ब्रिटनच्या सहा इंची नकाशावर (१:१०,५६०) ६ मिलीमीटर होतं, आणि १:२,५०० वर अडीच सेंटीमीटर. त्यामुळे ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२,५०० च्या बहुतेक नकाशांवर (मोठं स्केल म्हणजे छोटा भाग, पण जास्त तपशील) प्रत्येक शेताला नंबर आहे, त्याखाली एकरात क्षेत्रफळ छापलेलं आहे, सलग रेष म्हणजे कुंपण, झुडपाची हेज किंवा दगडी भिंत, आणि तुटक रेष म्हणजे हद्द आहे पण अडवणारं काही नाही. कधी कधी दोन तुकड्यांच्या मधल्या रेषेवर एक नागमोडी खूण दिसते, लांबट एससारखी, तिचा अर्थ हे दोन तुकडे एकाच नंबरात मोजलेत. क्षेत्रफळाची बेरीज जुळत नसेल तर ती खूण शोधा.

याची दुसरी बाजू म्हणजे रेषांची जाडी. १:६३,३६० वर अर्धा मिलीमीटर जाड रेष म्हणजे जमिनीवर साधारण ३२ मीटर. एवढा रुंद गाडीरस्ता कुठल्या खेड्यात असतो? नसतो, पण दिसावा म्हणून तो जाड काढलाय, आणि रस्त्याला चिकटून असलेली घरं त्या जाड रेषेखाली जाऊ नयेत म्हणून थोडी बाजूला सरकवलीयेत. म्हणून रस्त्यापासून घराचं अंतर पट्टीने मोजून "जुनं घर अमुक मीटर आत होतं" असं कधीही सांगू नका.

पायरी ४: आता पाणी

इथून पुढे खरा आनंद आहे. नकाशाचा एक प्रिंट काढा (मूळ कागदावर काही करायचं नाही) आणि निळ्या पेन्सिलने फक्त पाणी गिरवा. नद्या, ओढे, नाले, तळी, पाट, विहिरी, झरे. दुसरं काही बघू नका. अर्ध्या तासात गावाचा सांगाडा समोर येतो.

गिरवताना बारमाही आणि हंगामी पाणी वेगळं ठेवा, शेतीसाठी हाच फरक महत्त्वाचा आहे. यूएसजीएसच्या नकाशावर वर्षातला काहीच काळ वाहणारा ओढा तुटक-ठिपके अशा निळ्या रेषेने दाखवतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटवर जिथे पाणी असतं तिथे निळा आणि कोरड्या पात्राला काळा, त्यामुळे एखादा नाला काळाच दिसला म्हणजे तो दुर्लक्ष करायचा असं नाही, उलट तिथे पावसाळ्यानंतर लोक काय करत असतील हा प्रश्न विचारायचा. आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा शेजारीच सापडतं, विहिरींच्या गोलांमध्ये. काळ्या नाल्याच्या काठाने विहिरींची रांग असेल तर वर पाणी नाही पण जमिनीखाली आहे, आणि त्यावर रब्बीसारखं दुसरं पीक निघत असण्याची शक्यता मोठी. ब्रिटिश मोठ्या स्केलच्या नकाशांवर डब्ल्यू म्हणजे विहीर आणि पी म्हणजे हातपंप, ही अक्षरं इतकी बारीक असतात की शोधायलाच लागतात.

भारतीय शीटवर बंधाऱ्याजवळ, नदीच्या काठावर किंवा विहिरीपाशी "५ आर" असा आकडा दिसला तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नसते. ती तिथल्या तिथली, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीच्या तुलनेत उंची किंवा खोली असते. नदीकाठी असा आकडा मोठा असेल तर काठ उंच आहे, पाणी उपसायला कष्ट आहेत, आणि गुरं पाण्यावर न्यायची वाट वेगळ्याच ठिकाणी उतरत असणार. ती वाट शोधा, बहुतेक सापडते.

विहिरी मोजून मात्र घाई करू नका. लहान स्केलवर सगळ्या विहिरी दाखवतच नाहीत, दाट वस्तीतल्या तर नक्कीच गाळतात. नकाशावर नाही म्हणजे जमिनीवर नव्हती, हा निष्कर्ष विहिरीच्या बाबतीतच नाही, कुठल्याच बाबतीत काढू नका.

पायरी ५: उतार

कंटूर रेष म्हणजे समान उंचीचे बिंदू जोडणारी रेष, हे शाळेत झालेलं असतं. शेतीसाठी त्यातून तीन गोष्टी काढायच्या. रेषा लांब लांब असतील तिथे सपाट जमीन, जवळ जवळ असतील तिथे चढ. रेषेचा इंग्रजी व्ही ओढ्यावर आला की त्याचं टोक नेहमी वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येतं तिकडे, त्यामुळे जिथे निळी रेष काढलेली नाही तिथेही पाणी कुठून उतरत असेल ते तुम्ही पेन्सिलने काढू शकता. आणि तिसरं, हातात रंगीत पेन घेऊन गावठाणाच्या सगळ्यात जवळची कंटूर रेष पूर्ण गिरवा आणि नदी त्या रेषेच्या किती खाली आहे ते बघा. कितीतरी गावं पुराच्या पाण्याच्या जेमतेम वर, पण चांगल्या मातीच्या अगदी कडेला बसलेली दिसतात, सुपीक सपाटीवर घर बांधून ती वाया घालवलेली दिसत नाही. ही रेष गिरवल्यावर जेव्हा हे असं समोर येतं ना, तेव्हा त्या पहिल्या लोकांच्या हुशारीचं फार कौतुक वाटतं.

कंटूरमधलं अंतर २० मीटर असेल (भारतीय १:५०,००० वर साधारण तेवढं असतं) तर दोन रेषांच्या मधे दहा-पंधरा मीटरचा टेकाड लपू शकतो, हे लक्षात असू द्या.

पायरी ६: रंग, शेत, झाडी

सर्व्हे ऑफ इंडियाच्या रंगीत शीटवर पिवळी छटा म्हणजे लागवडीखालची जमीन, हिरवी म्हणजे झाडी-जंगल. यूएसजीएसवर हिरवा सलग भाग म्हणजे झाडी, हिरवे ठिपके ओळीने असले म्हणजे फळबाग, आणि पांढरं म्हणजे मोकळं, ज्यात शेत पण आलं आणि कुरण पण आलं. पीक कुठलं होतं ते कुठल्याच टोपोवर कळत नाही. जमीन कोणाची होती ते पण नाही. मालकी, हिस्से, हद्दीचा वाद यासाठी महसुली मोजणीचे नकाशे आणि नोंदी वेगळ्या असतात, टोपो शीट घेऊन कोणी हद्द सिद्ध करायला निघालं असेल तर त्याला वेळीच थांबवा.

रंगांच्या कडा नीट बघा. पिवळं जिथे संपतं आणि कंटूर जवळ यायला लागतात ती रेष बहुतेक वेळा जुळते, जिथे जुळत नाही तिथे थांबायचं. सपाट असूनही शेती नाही? मग दलदल असेल, खडक असेल, गायरान असेल किंवा वनखात्याची हद्द असेल. चढ असूनही शेती आहे? मग तिथे पायऱ्या पाडलेल्या असतील किंवा जमिनीची फार टंचाई असेल.

पायरी ७: वाटा, मग घरं

वाटांचा एकच नियम सांगतो, प्रत्येक वाट कुठे संपते ते बघा. शेतात संपणारी, विहिरीवर संपणारी, डोंगरावर जंगलात संपणारी (लाकूडफाटा, चराई), आणि दुसऱ्या गावाला जाणारी, या चारही वेगळ्या रंगात गिरवल्या की गावाचा रोजचा दिवस दिसायला लागतो.

घरांची ठेवण प्रत्येक देशात वेगळी का, याचं उत्तर कधी कधी कायद्यात असतं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातलं कुठलंही शेतीचं शीट उघडा, रस्ते एकेक मैलावर काटकोनात छेदतात आणि घरं त्या रस्त्यांच्या कडेने सुटी सुटी विखुरलेली. १७८५ च्या जमीन अध्यादेशाने तिथली जमीन ६ मैल बाय ६ मैलांच्या टाउनशिपमध्ये आखली, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक १ चौरस मैल म्हणजे ६४० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर, म्हणजे बरोबर पाव सेक्शन, घेता येत होता. सोळावा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखीव होता. हे माहीत नसताना ते शीट नुसतं कंटाळवाणं चौकटीचं दिसतं, माहीत झाल्यावर प्रत्येक चौकोनात किती कुटुंबं मावत होती त्याचा अंदाज येतो, आणि शाळेची खूण (घरावर छोटं निशाण) इतक्या थोड्या थोड्या अंतरावर का दिसते ते पण कळतं, मुलं चालत येणार होती.

यूएसजीएसच्या विसाव्या शतकाच्या मधल्या काळातल्या शीट्सवर काळा भरीव चौकोन म्हणजे राहतं घर आणि पोकळ चौकोन म्हणजे गोठा-कोठारासारखी इमारत. लालसर छटा पसरलेली असेल तर तिथे दाट वस्ती आहे, एकेक घर दाखवलेलंच नाही. भारतीय शीटवर वस्ती लाल रंगात असते. पी ओ म्हणजे पोस्ट, पी एस म्हणजे पोलीस स्टेशन, आर एच म्हणजे रेस्ट हाउस. ही अक्षरं ज्या गावाशेजारी आहेत ते गाव आसपासच्या वाड्यांचं केंद्र होतं, वाटा पण तिकडेच वळलेल्या दिसतील.

पायरी ८: आजच्या नकाशावर बसवा

क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातलं जिओरेफरन्सर टूल (स्कॅनला खऱ्या अक्षांश-रेखांशावर बसवणारं) या कामासाठी पुरेसं आहे. शीटचे चार कोपरे घ्या, तिथे अक्षांश-रेखांश छापलेलेच असतात, ते टाइप करा. मग ट्रान्सफॉर्मेशन (नकाशा ताणून-फिरवून बसवायची पद्धत) पॉलिनोमियल १ ठेवा. मोठ्या ऑर्डरची ट्रान्सफॉर्मेशन लावली की चूक किती ते सांगणारा आकडा छोटा दिसतो पण मधला नकाशा लाटेसारखा वाकतो, नवीन माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

इथे डेटम नडतो. जुनी भारतीय शीट्स एव्हरेस्ट डेटमवर असतात, जुनी अमेरिकन नॅड २७ वर, आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. कोपऱ्याचे आकडे टाकताना नकाशाचाच डेटम निवडा आणि मग सॉफ्टवेअरला रूपांतर करू द्या, नाहीतर अख्खं गाव एका बाजूला सरकलेलं दिसेल आणि नदीने पात्र बदललं असा भलताच शोध लागेल. काही जुन्या युरोपियन नकाशांवर तर शून्य रेखांश ग्रीनिच नसून पॅरिस असतो, तेही मार्जिनमध्येच लिहिलेलं असतं.

नंतर पाच-सहा पक्क्या जागांवर जुळणी तपासा. रेल्वेचा पूल, दगडी देऊळ किंवा चर्च, जुना चौक, टेकडीवरचा त्रिकोणमितीय बिंदू (सर्व्हेसाठी अचूक मोजलेली जागा). नदीचं वळण किंवा झाड कधीही घेऊ नका. किती चूक चालेल याला एक मोजमाप आहे, अमेरिकेच्या १९४७ च्या अचूकतेच्या मानकात १:२०,००० आणि त्याहून लहान स्केलला तपासलेले ९० टक्के बिंदू कागदावर एक पन्नासांश इंचाच्या आत असावेत असं होतं. १:६२,५०० वर ते जमिनीवर साधारण ३२ मीटर होतात. त्याआधीच्या नकाशाकडून यापेक्षा जास्त मागू नका.

पायरी ९: फरकाची यादी, आणि मग माणसं

दोन काळांच्या शीट्स एकावर एक ठेवून पारदर्शकता कमी-जास्त करत जा आणि वहीत तीन रकाने करा: गेलं, आलं, सरकलं. गेलं मध्ये विहिरी, वाड्या, पायवाटा, फळबागा, छोटी रेल्वे स्टेशनं. आलं मध्ये धरणाचा तलाव, कालवा, डांबरी रस्ता. कालवा आला की त्याच्या खालच्या अंगाचं चित्र पुढच्या आवृत्तीत पूर्ण बदलतं आणि वरच्या अंगाचं जवळपास तसंच राहतं, हे स्वतः शोधून बघण्यासारखं आहे. प्रत्येक नोंदीपुढे सर्व्हेचं वर्ष लिहा, छपाईचं नाही.

ही यादी झाली की मोठा प्रिंट काढून त्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. तुमचं घर कुठे होतं असं विचारू नका, तसं विचारलं की गप्पा नातेवाइकांवर जातात. पाणी कुठून आणायचात, गुरं कुठे न्यायचात, पावसाळ्यात कुठली वाट बंद व्हायची हे विचारा, आणि ते बोलत असताना बोट कुठून कुठे फिरतंय ते बघून त्याच प्रिंटवर पेन्सिलने काढत जा. नावं ते म्हणतील तशीच लिहून घ्या, कारण नकाशावरची नावं परक्या सर्व्हेयरने बऱ्याचदा कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असतात. त्यांनी सांगितलेलं एका रंगात, नकाशावरचं दुसऱ्या रंगात ठेवा, आणि जिथे दोन्ही जुळत नाही तिथे खोडाखोड न करता दोन्ही राहू द्या. मग तेवढाच तुकडा घेऊन तिसरी आवृत्ती शोधायला लागा.